बदलत्या प्रकाशाशी पानांचे समायोजन : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाडचे चवदार तळे आणि २० मार्च ही तारीख यांचे नाते सर्वपरिचित आहे. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि सार्वजनिक पाणवठ्यावरील माणसाचा समान हक्क कृतीने सिद्ध झाला. दरवर्षी या दिवशी तळ्यावर मोठा जनसमुदाय लोटतो. मार्च महिन्यातील त्या रखरखीत दुपारी उन्हात उभा असलेला माणूस दोन पावले सरकून सावली गाठू शकतो. आसपासच्या झाडावरील पानाला ती सोय नाही. ज्या जागी ते फुटले त्याच जागी राहून पडेल तो प्रकाश त्याला घ्यावा लागतो, आणि चार महिन्यांनी तेथेच काळ्याभोर ढगांखाली अल्प प्रकाशात आपले काम चालवावे लागते. हे समायोजन कसे घडते आणि या परिसरातील रानाच्या व भाताच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२० मार्च ही तारीख विषुवदिनाच्या लगतची आहे. महाड सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७२ अंश उंचीवर असतो. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दिवसांत माध्यान्हीच्या सूर्याची उंची सुमारे ४८ अंश असते. महाडच्या इतिहासातील या दोन तारखांचा असा हिशेब मांडला, तर निरभ्र आकाशातून आडव्या पृष्ठभागावर पडणाऱ्या दुपारच्या प्रकाशात सुमारे एक पंचमांशाचा, किंवा वातावरणातील तिरका मार्ग धरल्यास त्याहून थोडा अधिक, फरक पडतो. युरोपातील हिवाळा-उन्हाळ्याच्या तुलनेत हा फरक किरकोळच म्हटला पाहिजे.

महाडला सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. पहिल्यांदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात पायाखाली नाहीशी झालेली सावली शाळकरी मुलेही पाहू शकतात. जुलै अखेरीस मात्र सूर्य डोक्यावर असूनही बहुधा दिसत नाही. सूर्य सर्वांत उंच असतानाच प्रकाश सर्वांत कमी, ही कोकणातील प्रकाशाची खरी स्थिती होय. येथे प्रकाशाचे ऋतू सूर्याच्या कलाने ठरत नाहीत; ते ढग ठरवतात आणि रानात वरच्या झाडांची पाने ठरवतात. ढग व पाने या दोन्ही गोष्टी हलत्या असल्यामुळे येथील प्रकाश ऋतूंप्रमाणे बदलतो, तसाच तो क्षणाक्षणालाही बदलतो. 'उन्हातील पान' व 'सावलीतील पान' अशा दोन ठरीव चित्रांवर पाठ्यपुस्तकांत जो भर दिलेला असतो, तो या परिसरापुरता तरी अपुरा वाटतो.

प्रकाशाचे प्रमाण आणि पानाची क्षमता

प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त असलेला, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फोटॉनांच्या संख्येत मोजतात. निरभ्र दुपारी पूर्ण उन्हात दर चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. दाट पावसाळी ढगांखाली हा आकडा २०० ते ३०० पर्यंत, आणि मुसळधार सरीच्या वेळी त्याहूनही खाली येतो. सदाहरित रानाच्या जमिनीवर भर दुपारीसुद्धा पूर्ण उन्हाच्या एक-दोन टक्केच प्रकाश पोहोचतो. अशा ठिकाणी वरच्या फटींतून उतरणारा कवडसा हीच मोठी मिळकत असते. तो काही सेकंद टिकतो किंवा काही मिनिटे, आणि तेवढ्या वेळात पानावरील प्रकाश दहापट-वीसपट वाढतो.

भात, आंबा, जांभूळ यांसारख्या वनस्पतींच्या एकेका पानाची कार्बन डायऑक्साइड बांधण्याची क्षमता पूर्ण उन्हाच्या साधारण एक चतुर्थांश ते निम्म्या प्रकाशातच पूर्ण वापरली जाते. त्यापुढे प्रकाश वाढला तरी साखर वाढत नाही. हरितद्रव्य मात्र प्रकाश शोषण्याचे थांबत नाही. वापर न झालेली ही ऊर्जा हरितद्रव्याच्या रेणूंत साचून राहिली, तर ती ऑक्सिजनला मिळते आणि त्यातून अतिशय क्रियाशील असा ऑक्सिजन तयार होतो. तो पटलांतील मेद व प्रथिने जाळत जातो. दुसऱ्या प्रकाशप्रणालीतील डी-१ या प्रथिनाला याचा फटका सर्वांत आधी बसतो. पेशी हे प्रथिन सतत काढून टाकते व नव्याने बसवते. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढला की पानाची कार्यक्षमता घटते. या स्थितीस प्रकाशनिरोध म्हणतात.

पानापुढील अडचण अशी दुहेरी आहे. प्रकाश कमी असताना एकही फोटॉन वाया जाऊ नये आणि प्रकाश जास्त असताना नको असलेली ऊर्जा तत्काळ बाहेर टाकता यावी. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत, आणि पावसाळी आकाशाखाली त्या एकाच तासात अनेकदा आलटून-पालटून समोर येतात. श्रावणातील ऊनपावसाचा खेळ मराठी कवितेला प्रिय आहे. पानाच्या दृष्टीने तो बराच त्रासाचा म्हणावा लागेल, कारण ढगांच्या फटीतून ऊन पडते तेव्हा थेट किरणांच्या जोडीला ढगांच्या पांढऱ्या कडांवरून विखुरलेला प्रकाशही येतो आणि काही क्षण निरभ्र दुपारपेक्षाही अधिक प्रकाश पानावर पडू शकतो.

सेकंदांत व मिनिटांत होणारे बदल

पहिली हालचाल हरितलवकांची. मंद प्रकाशात ती पेशीच्या पानपृष्ठाला समांतर असलेल्या भिंतींलगत पसरतात, त्यामुळे प्रकाश जास्तीत जास्त अडवला जातो. प्रखर प्रकाश पडताच ती बाजूच्या उभ्या भिंतींकडे सरकतात आणि एकामागे एक अशी रांगेत राहून एकमेकांवर सावली धरतात. निळा प्रकाश ओळखणारी फोटोट्रॉपिन ही प्रथिने हा हुकूम देतात. दूर सरकण्याच्या क्रियेत फोटोट्रॉपिन-२ मुख्य असते. ही क्रिया केवळ शोभेची नाही, हे २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. ज्या रोपांत हरितलवके दूर सरकू शकत नव्हती, त्यांची पाने प्रखर प्रकाशात अधिक लवकर करपली. जलवनस्पतींच्या पातळ पानांत हरितलवकांची हालचाल साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. पेशीद्रवाचे भ्रमण दाखवण्यासाठी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात हायड्रिलाचे पान घेण्याचा प्रघात आहेच. दिव्याची तीव्रता बदलून तेच पान या विषयासाठीही पाहता येते. जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणावरील आपल्या प्रयोगांसाठी हायड्रिलाच निवडली होती.

हरितलवके सरकण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधीच, काही सेकंदांत, आणखी एक यंत्रणा सुरू होते आणि प्रस्तुत विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. प्रकाश वाढला की हरितलवकातील थायलाकॉइड पटलांच्या आतील पोकळीत हायड्रोजन आयन साचतात व तेथील आम्लता वाढते. ही आम्लता हाच धोक्याचा इशारा होय. पीएसबीएस नावाचे प्रथिन तो ओळखते आणि प्रकाश गोळा करणाऱ्या संकुलांची रचना अशी बदलते की शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडू लागते. याच आम्लतेमुळे एक विकर जागृत होते आणि व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचे झिआझँथिनमध्ये रूपांतर करू लागते. झिआझँथिनच्या उपस्थितीत उष्णता बाहेर टाकण्याची ही क्रिया अधिक जोमाने होते. प्रकाश कमी झाला की दुसरे विकर झिआझँथिनचे पुन्हा व्हायोलाझँथिन करते. या चक्राची मांडणी यामामोटो व सहकाऱ्यांनी १९६२ साली केली. त्याचा संरक्षणाशी असलेला संबंध बार्बरा डेमिग व सहकाऱ्यांनी १९८७ साली पुढे आणला आणि पीएसबीएसची अपरिहार्यता २००० साली स्पष्ट झाली.

या यंत्रणेतील एक विषमता सहसा दुर्लक्षित राहते. संरक्षण झटपट उभे राहते, पण ते उतरते सावकाश. झिआझँथिनचे पुन्हा व्हायोलाझँथिन होण्याची क्रिया उलट दिशेच्या क्रियेपेक्षा बरीच मंद आहे. परिणामी सूर्य ढगाआड गेल्यावर, म्हणजे प्रत्येक फोटॉन मोलाचा झालेला असताना, पान कित्येक मिनिटे त्यांतील मोठा भाग उष्णतेच्या रूपाने टाकत राहते. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी माणूस छत्री मिटायला विसरावा, तसा हा प्रकार आहे. अर्थात छत्रीने दोष पत्करला तो भिजण्यापेक्षा बरा म्हणून. झाडाच्या दृष्टीने करपलेल्या पानाची किंमत थोड्या वाया गेलेल्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक असते, त्यामुळे निसर्गाने सावधपणाच्या बाजूने कौल दिला असल्यास नवल नाही.

उलट दिशेनेही विलंब आहेच. बराच वेळ सावलीत असलेल्या पानावर अचानक ऊन पडले, तर रुबिस्को हे कार्बन बांधणारे विकर पूर्ण जागृत व्हायला आणि पर्णरंध्रे उघडायला काही मिनिटे लागतात. रानातील कवडसा तेवढ्यात निघूनही जातो. म्हणूनच तळच्या रोपट्यांत एका कवडशानंतर लवकरच दुसरा मिळाला तर त्याचा उपयोग अधिक चांगला होतो. पहिल्याने जागे केलेले विकर अद्याप जागेच असते. पिंपळाचे पान लांब देठावर सतत सळसळते. त्याच्याखालच्या पानांवर प्रकाशाची अशी चाळवाचाळव सेकंदा-सेकंदाला होत असते.

पान घडतानाचे निर्णय

काही बदल मात्र पान तयार होत असतानाच ठरतात आणि नंतर फारसे फिरवता येत नाहीत. उन्हात वाढलेले आंब्याचे पान व त्याच झाडाच्या आतल्या भागातील पान यांचे छेद शेजारी ठेवून पाहिले, तर उन्हातील पान जाड व त्यातील खांबासारख्या उभ्या पेशींचा थर अधिक उंच दिसतो. सावलीतील पान पातळ व रुंद असते. वजनाच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यात प्रकाश गोळा करणारी संकुले अधिक व त्यामुळे हरितद्रव्य 'ब'चे प्रमाण जास्त असते, आणि रुबिस्को कमी असते. सावलीतील पान थोड्या प्रकाशात स्वस्तात भागवते; उन्हातील पानाचा खर्चही मोठा आणि कमाईही मोठी.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. कोवळे पान उन्हाचे व्हावे की सावलीचे, हे केवळ त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशावरून ठरत नाही. त्याच रोपावरील पूर्ण वाढलेल्या पानांना मिळणाऱ्या प्रकाशाची वार्ताही त्याच्यापर्यंत पोहोचते, असे २००१ सालापासूनच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. जुन्या पानांवर सावली धरली, तर उघड्यावर असलेल्या कोवळ्या पानाच्या पेशींची घडणही सावलीच्या पानासारखी होऊ लागते. घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवावर धाकट्याची तयारी व्हावी, तसेच हे. महाडसारख्या ठिकाणी या अनुभवाला एक मर्यादा पडते. मे महिन्याच्या उन्हात घडलेल्या पानाला जुलैचे ढग सोसायचे असतात, आणि ऑगस्टच्या ढगाखाली घडलेल्या पानाला ऑक्टोबरचे कडक ऊन.

कोवळ्या पानांचे संरक्षण करण्याचा आणखी एक उपाय या परिसरात उघड दिसतो. मार्चच्या सुमारास पिंपळाची नवी पालवी तांबूस, कुसुंबाची लालभडक आणि आंब्याची तपकिरी-जांभळट असते. हा रंग वरच्या थरांतील अँथोसायनिनांचा. या वयात पानातील हरितलवके पूर्ण विकसित नसतात आणि प्रकाशाचा उपयोग करण्याची ताकद त्यांच्यात थोडी असते. अँथोसायनिने त्यांच्यापुढे पडद्याचे काम करतात, असे एक स्पष्टीकरण आहे. पाने खाणाऱ्या किड्यांपासून बचाव, हे दुसरे. दोन्ही कारणे एकत्र असण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. तथापि ही पालवी नेमकी वर्षातील सर्वांत निरभ्र दिवसांत येते, हे पहिल्या स्पष्टीकरणाच्या बाजूने बोलते.

शेंगावर्गीय वनस्पतींनी याहून सोपा मार्ग धरला आहे. त्यांच्या पर्णिकांच्या देठाशी फुगीर गादी असते. तिच्या दोन बाजूंच्या पेशींतील पाण्याचा दाब बदलला की पर्णिका वळते. चवळी व घेवडा यांच्या पर्णिका जमिनीत ओल कमी असताना भर दुपारी सूर्यकिरणांना जवळजवळ समांतर होतात. प्रकाश कडेने निघून जातो आणि पान तापत नाही. भात निघाल्यावर रायगड जिल्ह्यात शिल्लक ओलीवर वालाचे पीक घेतात. त्याच्या कुळातील ही सोय त्या कोरड्या, निरभ्र महिन्यांना साजेशी आहे.

घाटउतारावरील रान

वरंधा, आंबेनळी व कशेडी या घाटांच्या उतारांवर निमसदाहरित व पानझडी अशी दोन्ही प्रकारची रानवस्ती आढळते. पानझडी रानात जमिनीवरील प्रकाशाचे वेळापत्रक अगदी उलटे असते. मार्च ते मे या काळात वरची झाडे बोडकी असल्याने जमिनीवर कडक ऊन पडते, पण पाणी नसते. जूनमध्ये पाणी येते. आणि त्याच वेळी वरची पालवी दाट होऊन प्रकाश बंद होऊ लागतो. ढगांची भर वेगळीच. या दोहोंमधील अरुंद फटीचा लाभ कंदवर्गीय वनस्पती घेतात. रायगडात भाजीसाठी आवडीने खाल्ले जाणारे शेवळे हे रानसुरणाच्या जातीतील फुलोरे होत. ते पावसाच्या तोंडावर जमिनीतून थेट वर येतात आणि पान मागाहून येते. कंदातील साठ्याच्या बळावर फुलण्याचे काम उरकून घेऊन मग एकच मोठे, पातळ, विभागलेले पान पसरायचे, ही मंद प्रकाशात भागवण्याची रीत आहे.

वनस्पतीला ढगाची सावली आणि शेजारच्या झाडाची सावली यांतील भेद कळतो, हे येथे नोंदवले पाहिजे. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अतिरक्त प्रकाश बहुतांशी जाऊ देते. त्यामुळे पानांखालच्या सावलीत लाल प्रकाशाचे अतिरक्ताशी असलेले प्रमाण कमालीचे घटते. फायटोक्रोम हे रंगद्रव्य ते प्रमाण मोजते. ढगाखाली प्रकाश कमी झाला तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही. पहिल्या प्रकारच्या सावलीत उन्हाची सवय असलेले रोप उंच वाढून शेजाऱ्याच्या वर जाण्याची धडपड करते. दुसऱ्या प्रकारात उंच होऊन उपयोग नसतो.

अचानक उघडीप झाली तर सावलीच्या पानांची पंचाईत होते. कारवी अनेक वर्षांनी एकदाच समूहाने फुलते व बी धरून मरते. तिच्या दाट जाळीखाली दबलेल्या रोपट्यांवर त्यानंतर एकाएकी ऊन येते. राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडल्या जातात तेव्हाही झाडाच्या आतील, सावलीत वाढलेली पाने उघडी पडतात. अशी पाने प्रथम फिकट होतात आणि काही करपून गळतात. त्यांच्यात उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा असते, पण झिआझँथिन चक्रातील रंगद्रव्यांचा साठा उन्हातील पानांपेक्षा कमी असतो. यावरचा खरा उपाय नवी पाने फुटणे हाच, आणि त्याला काही आठवडे लागतात. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढवलेली रोपे थेट उघड्या डोंगरउतारावर लावली जातात तेव्हा नेमके हेच घडते. वनमहोत्सवातील मरतुकीचा दोष केवळ पाण्यावर टाकण्याची सवय आहे. लावणीपूर्वी जाळी टप्प्याटप्प्याने काढून रोपे दोन-तीन आठवडे उन्हात सरावू दिली, तर त्यातील काही मरतूक टळू शकते, आणि या उपायाला खर्च जवळजवळ नाही.

भाताचे पीक

महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचा संबंध प्रामुख्याने भाताशी येतो. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि खरीप भाताची लावणी ते पोटरी हा काळ वर्षातील सर्वांत ढगाळ महिन्यांत जातो. पाण्याची मुबलकता हे कोकणातील भातशेतीचे बळ मानले जाते, आणि ते खरेही आहे. पण तेच ढग प्रकाश हिरावून घेतात. सिंचनाची सोय असलेल्या ठिकाणी उन्हाळी भाताचे उत्पादन पावसाळी भातापेक्षा अधिक येते, हा आशियातील भात उत्पादक प्रदेशांतील सर्वसाधारण अनुभव असून त्याचे प्रमुख कारण निरभ्र आकाश हे आहे. ढगाळ हवेत फुटवे कमी येतात, फुलोऱ्याच्या वेळी प्रकाश कमी पडला तर पळिंजाचे प्रमाण वाढते.

लावणीसाठी ढगाळ दिवस शेतकऱ्याला पसंत असतो, आणि यामागे वनस्पतीशास्त्रीय कारण आहे. राब भाजून तयार केलेल्या वाफ्यात रोपे दाटीने उभी असतात व एकमेकांच्या सावलीत वाढतात. उपटताना त्यांची मुळे तुटतात. अशी रोपे चिखलात मोकळ्या अंतरावर लावली की त्यांच्यावर पूर्वीपेक्षा अधिक प्रकाश येतो आणि पाणी ओढण्याची शक्ती मात्र घटलेली असते. पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि शोषलेल्या प्रकाशाला वाट उरत नाही. नेमक्या त्या चार-सहा दिवसांत आकाश झाकलेले असेल तर प्रकाशनिरोध टळतो व रोप लवकर हिरवे धरते.

पुराच्या वेळी हीच गोष्ट तीव्र स्वरूपात घडते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून मोठी मनुष्यहानी झाली, आणि नदीकाठच्या शेतांत गाळ पसरला. गढूळ पाण्याखाली गेलेल्या भाताला प्रकाश व हवा दोन्ही मिळत नाहीत. पण पाणी ओसरल्यावर धोका संपत नाही. अंधारात राहिलेल्या पानांवर एकदम उजेड व हवा येते, त्यांची संरक्षणयंत्रणा सज्ज नसते आणि क्रियाशील ऑक्सिजनचा मारा होतो. पुरात तगलेले भात पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळे पडून झोपते, याचे एक कारण हे आहे. ओडिशातील एफआर १३ ए या पारंपरिक वाणातून घेतलेला सब-१ए हा जनुक पाण्याखाली रोपाची वाढ थोपवून साठा राखतो, हे प्रसिद्ध आहे. पाणी ओसरल्यानंतरच्या ऑक्सिजनजन्य हानीपासूनही तो रोपाचे रक्षण करतो, असे २०११ साली दिसून आले. तो जनुक असलेला स्वर्णा-सब-१ हा वाण २००९ साली भारतात प्रसारित झाला. सावित्रीकाठच्या खोलगट शेतांसाठी वाण निवडताना या दुसऱ्या गुणाकडे अधिक लक्ष जायला हवे.

संरक्षण सावकाश उतरण्यामुळे होणारे नुकसान भरून काढता येईल काय, हा प्रश्न अलीकडच्या संशोधनात पुढे आला आहे. २०१६ साली क्रॉमडाइक, नियोगी, लाँग व सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपांत झिआझँथिन चक्रातील दोन विकरे व पीएसबीएस यांचे प्रमाण वाढवले. सावली आल्यावर त्या रोपांतील संरक्षण लवकर उतरू लागले आणि शेतातील चाचणीत त्यांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरले. २०२२ साली सोयाबीनमध्ये याच मार्गाने दाण्याचे उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे प्रसिद्ध झाले. या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. २०२० साली हाच बदल ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीत केला असता रोपांची वाढ उलट कमी झाली. आणि २०१८ साली भातावरच झालेल्या एका अभ्यासात केवळ पीएसबीएस वाढवल्याने, म्हणजे संरक्षण अधिक बळकट केल्याने, प्रकाशवापराची कार्यक्षमता व उत्पादन वाढल्याचे आढळले. संरक्षण लवकर उतरावे की अधिक असावे, याचे उत्तर त्या त्या ठिकाणच्या प्रकाशाच्या चढउतारांवर अवलंबून आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील उन्हाळी आकाश आणि पोलादपूरचे ऑगस्टमधील आकाश यांत फार थोडे साम्य आहे.

भाताच्या वाणावाणांत या बाबतीत नैसर्गिक भेदही आहेत. जपोनिका गटातील वाणांत उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता इंडिका गटापेक्षा सर्वसाधारणपणे अधिक असते आणि त्याचा संबंध पीएसबीएसच्या जनुकाशी आहे, असे २०११ साली दाखवले गेले. कोकणात पिकणारे वाण प्रामुख्याने इंडिका गटातील आहेत. म्हणजे जनुकीय अभियांत्रिकीचा मार्ग न धरताही निवड करण्यास येथे वाव आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने रायगडच्या हवामानात वाण निवडण्याची परंपरा निर्माण केली आहे. उत्पादन, उंची, दाण्याचा प्रकार व रोगप्रतिकार यांच्या जोडीला, ऊन जाऊन ढग आल्यावर पान किती मिनिटांत पूर्ववत होते ही कसोटी त्यात बसू शकते. हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजणारी हाताळण्याजोगी उपकरणे आता उपलब्ध आहेत.

उपकरण नसलेल्या महाविद्यालयातही या विषयाचा एक भाग पाहता येतो. पातळ पानाच्या झाडाचे एक पान निवडून त्यावर काळ्या कागदाची पट्टी लावावी, पट्टीत बोटभर रुंदीची फट ठेवावी आणि पान तासभर उन्हात राहू द्यावे. कागद काढताच फटीखालील पट्टा उरलेल्या पानापेक्षा फिकट दिसला, तर त्या भागातील हरितलवके उभ्या भिंतींलगत सरकली आहेत असे समजावे. पान सावलीत ठेवल्यास हा पट्टा पुन्हा दिसेनासा होतो. तसे न झाल्यास तो उन्हाने करपला आहे. मार्चमध्ये व जुलैमधील एखाद्या उघडिपीत, एकाच झाडाच्या उन्हातील व आतील पानांवर, पट्टा फिकट होण्यास व नाहीसा होण्यास लागलेली मिनिटे घड्याळ लावून लिहून ठेवावीत.